जिना चढवत नाही

‘माय ग्रँडफादर वीकन्स एव्हरी संडे.’

आठवीतल्या एका मुलाच्या वहीतलं हे वाक्य वाचून मी ओटीवर एकटीच हसत बसले होते. प्रश्न साधा होता: दिलेले शब्द स्वतःच्या वाक्यांत वापरा. चौथा शब्द ‘वीकन’. पोराने तो कानाने ओळखला. वीकेंड त्याच्या चांगला परिचयाचा. मुंबई-पुण्याच्या गाड्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या रस्त्याला लागतात, घरच्या खानावळीत सुरमईची ताटं दुप्पट लागतात आणि आजोबा गल्ल्यावर बसतात, तो वीकेंड. तर आजोबा दर रविवारी वीकेंड करतात, एवढंच त्याला सांगायचं होतं.

लाल पेनाचं टोपण काढलं आणि हात थांबला. वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. कर्ता जागच्या जागी, क्रियापदाला ‘एस’ लावलेला. हा ‘एस’ मुलांच्या अंगवळणी पाडायला माझं अर्धं वर्ष जातं. आणि अर्थ म्हणाल तर इंग्रजी येणाऱ्या कुणालाही तो सरळ कळेल: माझ्या आजोबांची शक्ती दर रविवारी थोडी कमी होते.

आत माजघरात अण्णा, म्हणजे माझे वडील, खुर्चीतून उठत होते. दोन्ही हातांवर जोर देऊन एकदा उठायला गेले, परत बसले. दुसऱ्यांदा उठले. मी तिकडे पाहत नाहीये असं दाखवायला वहीत डोकं घातलं.

बाकीच्या वह्यांतही गमती होत्या. ‘द सायक्लोन वीकेंडेड’ तर तीन जणांनी लिहिलं होतं. बहुधा एकाच बाकावरचे. एका मुलीने ‘बॅड फ्रेंड्स वीकन अस’ असं लिहून खाली रेघ मारली होती. तिचं काहीतरी चाललं असणार. दुसऱ्या दिवशी मी तिला हळूच बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, ‘काही नाही मॅडम, गाइडमध्ये होतं.’

या क्रियापदाशी माझं जुनं नातं आहे, कारण ते शिकवायला सोपं वाटतं आणि पुढे फसवतं. ‘वीक’ला ‘एन’ लावला की ‘वीकन’. शार्पचं शार्पन, डार्कचं डार्कन, शॉर्टचं शॉर्टन. मुलांना किल्ली मिळाल्यासारखं होतं आणि ती किल्ली ती सगळ्याच कुलपांना लावत सुटतात. ‘स्ट्राँगन’ दर वर्षी कुणीतरी लिहितंच, आणि ते अगदी तर्काला धरून असतं. पण इंग्रजी तिथे वाट बदलते. स्ट्राँग हे विशेषण सोडून स्ट्रेंग्थ या नामाला धरते आणि ‘स्ट्रेंग्थन’ करते. रंगांचं तर आणखी मजेशीर. काळ्याचं ब्लॅकन, पांढऱ्याचं व्हाइटन, तांबड्याचं रेडन होतं. हिरव्या-निळ्या-तपकिरीने काय घोडं मारलंय? त्याचं कारण उच्चारात आहे. शब्दाच्या शेवटी क, ट, ड, प, फ असा कुठेतरी श्वास अडवणारा किंवा घासणारा आवाज असेल तर हा ‘एन’ चिकटतो. शेवटी न, म, ल किंवा नुसता स्वर असला की निसटतो. म्हणून ‘थिन’चं ‘थिनन’ होत नाही, ‘स्लो’चं ‘स्लोअन’ होत नाही. ‘वीक’ मात्र शेवटी चांगला ठणठणीत ‘क’ घेऊन उभा. अर्थाने अशक्त, बांध्याने दणकट.

हा ‘वीक’ इंग्रजीचा मूळचा नव्हे. उत्तरेकडच्या खलाशांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘वेइक्र’वरून तो आला. जर्मनमधला ‘वाइख’ त्याच कुळातला, आणि त्याचा अर्थ मऊ. मऊ म्हणजे वाईट असं काही त्यात मुळात नसावं. आमच्याकडे मऊ भात आजाऱ्यालाच देतात, आणि तो खाऊन माणूस उठून बसतो.

वर्गात मी उलट प्रश्न टाकला. मराठीत सांगा, काय काय वीकन होतं? पहिल्यांदा शांतता, मग धबधबा. ताप उतरतो. पूर ओसरतो. जत्रेतली गर्दीपण ओसरते. राग निवळतो. विळीची धार जाते. शर्ट विटतो. विहीर आटते. मोबाइलची बॅटरी उतरते. भिंत खचते. खुर्ची खिळखिळी होते. घसा बसतो. कोळीवाड्यातला एक मुलगा म्हणाला, जाळं झिजतं. ‘चहा पांचट होतो’ हे मागच्या बाकावरून आलं आणि सगळा वर्ग हसला, कारण आमच्या कँटीनचा चहा सगळ्यांनी प्यायलेला आहे.

मी फळ्यावर लिहीत गेले. इंग्रजी एका शब्दात उरकते त्याला फळाभर क्रियापदं झाली, आणि प्रत्येकाला आपापला मालक. पूर खिळखिळा होत नाही आणि खुर्ची ओसरत नाही. जी वस्तू ज्या तऱ्हेने उभी असते त्याच तऱ्हेने तिचं बळ जातं. धार लावलेली असते म्हणून ती जाते. ताप चढलेला असतो म्हणून उतरतो. रुपयाचं एकाने विचारलं. रुपया घसरतो, आणि परत वर गेला की वधारतो. घरी हे सांगितलं तर अण्णांना 6 जून 1966 आठवला. डॉलर 4 रुपये 76 पैशांचा होता तो 7 रुपये 50 पैशांना गेला. अण्णा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. ‘अवमूल्यन’ हा शब्द त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला, आणि पुढे कितीतरी दिवस गावात सुपारीला कमी भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्याला ‘अवमूल्यन करतोस काय’ असं विचारायची फॅशन होती, म्हणे.

इंग्रजी ‘वीकन’ची एक सोय मात्र आपल्याकडे नाही. ते आपोआप होण्यालाही चालतं आणि कुणी करण्यालाही चालतं. वादळ वीकन होतं, कोरडी हवा वादळाला वीकन करते, शब्द तोच. मराठीत अशा वेळी बहुतेक जोडी लागते. दोरी तुटते, मी तोडते. मडकं फुटतं, मी फोडते. पण ओसरण्याची जोडी शोधून बघा. पूर ओसरतो, त्याला ओसरवणारा कुणी नाही. सूर्य मावळतो, त्याला कुणी मावळवत नाही. गळून जाण्याच्या, विरून जाण्याच्या या शब्दांत आपण आरोपी उभाच केलेला नाही. घरात तर बळ कमी झाल्याचं बोलायलाच भितो. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. मंगळसूत्र तुटलं तरी ते वाढलं. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं हिशेबात कच्ची आहेत.

आणि ‘पडणे’. या एका शब्दाने मला वर्गात हमखास तोंडावर पाडलंय. पाऊस पडला म्हणजे पाऊस झाला. वारा पडला म्हणजे वारा संपला. एकाने सरळ ‘द विंड फेल’ लिहिलं. मी चूक दाखवली, तर म्हणाला, ‘मग रेन फेल बरोबर कसं?’ मी घड्याळाकडे पाहिलं. तास संपायला चार मिनिटं होती, ती फार हळू गेली.

‘वारा पडला’ हे शब्द मी आयुष्यात एकदाच पुरते ऐकले. 3 जून 2020. ‘निसर्ग’ वादळ. नाव बांगलादेशाने दिलेलं, इतकं गोड की सकाळपर्यंत आम्ही त्याच्यावर विनोद करत होतो. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला आमच्या किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा कसा असतो हे सांगायला माझ्याकडे उपमा नाही. कौलं पत्त्यांसारखी उडतात असं लिहितात. आमची उडाली नाहीत, ती एकेक करून कुणीतरी काढून फेकावीत तशी गेली. पोफळी मधोमध मोडल्या. त्यांचा आवाज होतो. एक मोडली की बाकीच्या जरा वेळ थांबल्यासारख्या होतात, आणि मग दुसरी.

संध्याकाळ व्हायच्या आत पलीकडच्या वाडीतल्या काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘वारा पडला.’ एवढंच. मग सगळे आपापल्या घरातून बाहेर आले आणि कुणीच कुणाशी बोललं नाही.

त्याच सुमाराला मुंबई-पुण्याच्या लोकांच्या फोनवर दुसरं वाक्य फिरत होतं. ते मी कितीतरी दिवसांनी, वीज आणि रेंज परत आल्यावर वाचलं. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकांची ठरलेली भाषा असते: वादळ जमिनीवर आलं, आता ते ‘वीकन’ होऊन अमुक होईल. हे अमुकही मोजून दिलेलं. ताशी 89 ते 117 किलोमीटर वारा म्हणजे तीव्र चक्रीवादळ. 62 ते 88 म्हणजे नुसतं चक्रीवादळ. 50 ते 61 म्हणजे डीप डिप्रेशन, 31 ते 49 म्हणजे डिप्रेशन. वादळ पायऱ्या उतरत जातं. कारणही स्पष्ट आहे. त्याचं खाणं म्हणजे कोमट समुद्राची वाफ. जमिनीवर आलं की ताट काढून घेतल्यासारखं होतं, वर डोंगर-झाडांशी घासून घासून वाऱ्याचा जोर मोडतो. दुसऱ्या दिवसापर्यंत निसर्ग विदर्भाच्या बाजूला डिप्रेशनच्या पायरीवर पोचलं होतं. शास्त्र म्हणून यात एक अक्षर चुकीचं नाही. तरीही ‘वीकन’ शब्द वाचून मला राग आला होता, हे कबूल करते. ज्या झाडांशी घासून ते वीकन झालं त्यांतली काही आमची होती.

तेव्हा सगळे म्हणत होते, अण्णा खचतील. खचते ती भिंत, दरड, घाटातला रस्ता. माणसाला हा शब्द आपण भिंतीकडूनच उसना आणलाय. अण्णा 78 वर्षांचे होते. ते खचले नाहीत. पंधरा दिवस मोडलेले ओंडके मोजले, आणि पाऊस धरल्यावर नवी रोपं लावायला माणसं बोलावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. मी हिशेब करून गप्प बसले. त्यांनीही केला असणार, कारण एकदा आपणहून म्हणाले, ‘लागेल तेव्हा पंचाऐंशी. काय फार नाही.’

ते थकले पाच वर्षांनी. वादळ नाही, आजार नाही, काही नाही.

‘थकलेत’ हा आमच्याकडचा खास शब्द आहे. शेतावरून आलेला गडीही थकतो, पण तो ‘थकला’. म्हातारा माणूस ‘थकलेत’. आदरार्थी अनेकवचन आणि वर ‘आहेत’ची शेपटी. त्यात वय, गुडघे, भूक, नजर सगळं येतं आणि पुढे काही विचारायची सोय राहत नाही. कुणी विचारलं, ‘अण्णा कसे आहेत?’ की म्हणायचं, ‘थकलेत आता.’ समोरचा ‘चालायचंच’ म्हणतो. प्रकरण मिटलं.

दादाची मुलगी न्यू जर्सीत वाढली. मराठी छान बोलते, दर शनिवारी आजोबांना फोन करते. मागच्या वर्षी एका शनिवारी तिने विचारलं तर मी म्हटलं, ‘थकलेत ग.’

‘मग झोपू दे त्यांना. मी उद्या करते.’

रविवारी परत फोन. ‘आत्या, झाली का झोप?’

‘अगं, थकलेत म्हणजे तसे नाही थकलेत.’

‘म्हणजे कसे?’

मला सांगता येईना. जरा वेळाने तीच म्हणाली, ‘यू मीन, ही इज वीकनिंग?’

मी ताडकन ‘नाही’ म्हटलं. इतक्या जोरात की ती गप्प झाली. फोन ठेवल्यावर माझं मलाच कळेना, मी नाही का म्हटलं. ती म्हणाली ते खोटं नव्हतं. पण तिच्या वाक्यात अण्णा कर्ता होते आणि क्रिया चालू होती, थांबायचं नाव नव्हतं. ते वाक्य कुठेतरी जाऊन पोचणार असं ऐकू येत होतं. माझं ‘थकलेत’ एका जागी बसून होतं. मला ते बसलेलंच हवं होतं.

आता उलटं पाहिलं तर या एका शब्दावर मी चार महिने काढले. चार महिन्यांत अण्णांनी माळ्यावर जाणं सोडलं. मग ओटीच्या दोन पायऱ्या उतरताना खांब धरायला लागले. मी सगळं पाहत होते आणि सगळ्याला एकच उत्तर तयार होतं. शेवटी भाचीनेच दादाला सांगितलं, दादाने मला झापलं, आणि आम्ही तालुक्याला डॉक्टरांकडे गेलो.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मी बाकीच्यांचं ऐकत होते. तिथे कुणी थकलेलं नव्हतं. सगळ्यांना ‘विकनेस’ होता. ‘विकनेस आलाय हो, दोन दिवस.’ ‘हिला फार विकनेस वाटतो, एक सलाईन लावा म्हणावं.’ इंग्रजीतून शब्द आणला पण वाक्य आपलंच ठेवलं. ताप येतो, चक्कर येते, थकवा येतो, तसा विकनेस येतो. पाहुणा आहे, आला तसा जाईल, फार तर सलाईनची बाटली देऊन त्याची बोळवण करू. विकनेस म्हणजे मीच, असं त्या बाकावर कुणीच म्हणत नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, ‘थकलेत जरा...’ त्यांनी मला हाताने थांबवलं आणि अण्णांना विचारलं, ‘आजोबा, तुम्ही सांगा. काय होतं?’

अण्णा म्हणाले, ‘जिना चढवत नाही. सपाटीला चालवतं. वाडीत जाऊन येतो ना. उकिडवं बसवतं, पण बसलं की उठवत नाही. हाताने मात्र सगळं करवतं.’

डॉक्टर भराभर लिहीत होते. मी मात्र शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात जाऊन पडले. शक्य क्रियापद. आम्ही ते पाठ केलं होतं, उदाहरणासकट: ‘मला आता चालवते.’ परीक्षेत एका मार्काला यायचं. कर्त्याला ‘ला’ लावायचा आणि क्रियापदात एक ‘व’ घालायचा. गंमत अशी, की हाच ‘व’ दुसऱ्याकडून काम करून घेताना येतो. ‘आई बाळाला चालवते’ आणि ‘आईला चालवते’. पहिल्यात आईने बोट धरलंय. दुसऱ्यात आईचं बोट कुणी धरलेलं नाही, आणि चालणं तिला जमतंय किंवा जमत नाहीये. आता हा प्रयोग आपण बहुधा नकारातच करतो. ‘बघवत नाही’, ‘राहवत नाही’, ‘खाववत नाही’. होतं तेव्हा माणूस सरळ चालतो, खातो, राहतो. होईनासं झालं की मग ‘ला’ लागतो, कर्ता अर्धं पाऊल मागे सरतो आणि क्रिया समोर उभी राहते, अडलेल्या दारासारखी.

अण्णांच्या त्या चार वाक्यांत ‘मी अशक्त झालो’ कुठेच नव्हतं. अण्णा होते तसेच होते. जिना त्यांना चढवत नव्हता. आणि तरी मी चार महिन्यांत सांगितलं नव्हतं ते सगळं त्यात होतं. डॉक्टरांनी नंतर मला समजावलं. सपाटीला चालता येतं, हात ठीक आहेत, पण जिना आणि बसून उठणं जात नाही, म्हणजे मांड्या आणि खुब्याजवळचे स्नायू उतरलेत. कुठले स्नायू, हे रुग्णाच्या बोलण्यातून निम्मं कळतं, ते म्हणाले. मी मनात म्हटलं, रुग्णाच्या मुलीच्या बोलण्यातून कळत नाही.

मग त्यांनी अण्णांना टेबलावर बसवलं. ‘गुडघा वर करा. मी दाबतो, तुम्ही दाबू देऊ नका.’ अण्णांनी ओठ आवळून गुडघा धरला. डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला. स्नायूंच्या ताकदीला शून्य ते पाच गुण देतात. शून्य म्हणजे हालचालच नाही. एक म्हणजे नुसती फुरफुर. दोन म्हणजे आडवं ठेवलं तर हलतं, वजन उचलत नाही. तीन म्हणजे स्वतःचं वजन पेलतं. चार म्हणजे दुसऱ्याने थोडं दाबलं तरी टिकतं. पाच म्हणजे चांगलं.

‘किती दिले?’ अण्णांनी विचारलं.

‘चार.’

‘पाचापैकी? म्हणजे ऐंशी टक्के. आमच्या वेळी साठाला फर्स्ट क्लास होता.’

रक्त तपासलं. बी-12 कमी निघालं, ड जीवनसत्त्वही. बाकी वय. वयाबरोबर स्नायू कमी होण्याला डॉक्टरांच्या भाषेत एक नाव आहे, सार्कोपेनिया. 1989 मध्ये आयर्विन रोझेनबर्ग या संशोधकाने ते सुचवलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मांसाचं दारिद्र्य. म्हणजे तोवर या गोष्टीला डॉक्टरांकडेही वेगळं नाव नव्हतं. तेही थकलेतवरच भागवत असणार. नाव मिळालं की मोजता येतं, मोजता आलं की काहीतरी करता येतं, हे मला मान्य करावं लागलं. उपाय फार साधा निघाला. झोपवून ठेवू नका. पडून राहिलेला म्हातारा माणूस फार लवकर उतरतो. पोटात डाळ, दूध, अंडं जाऊ दे. आणि खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि बसायचं. जमेल तेवढ्या वेळा, रोज.

अंडं म्हटल्यावर अण्णांचा चेहरा पडला. तीही वेगळी तऱ्हा, पडण्याची.

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात हे शब्द फिरत राहिले. बळाचे आपले शब्द किती बाहेरून आलेत: जोर, दम फारसीतून, ताकद, हिंमत अरबीतून. कमकुवत तर अख्खाच तिकडचा. पण ते बळ जाण्याचे शब्द मात्र घरचे. ओसरणं, विरणं, गळणं, खंगणं, झुरणं. एक ‘अवसान’ तेवढा विचित्र. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. मराठीत अवसान म्हणजे अंगातला धीर. तो गळतो, आणि वेळ आली तर उसना आणता येतो. उसनी साखर आणतात तसं उसनं अवसान आणायची कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याच्या घरी म्हातारं माणूस नक्की असणार. ते शेजारणीकडून नव्हे, खुर्चीच्या हातांकडून आणतात, एवढंच.

भाचीला मी सगळं सविस्तर सांगितलं, जिना, मांड्या, पाचापैकी चार. ती कामालाच लागली. तिच्या ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टकडून व्यायामाचा तक्ता मिळवला. आजोबांना वाचता यावा म्हणून फोनवरच्या अनुवादकाकडून त्याचं मराठी करून घेतलं आणि पाठवला. मी छापून आणला. वर मोठ्या अक्षरांत मथळा: ‘पाय बळावण्याचे व्यायाम’.

अण्णांनी चष्मा लावला, वाचलं, कागद माझ्याकडे सरकवला.

‘अगो, बळावतो तो रोग. पाय कसले बळावतात?’

खरंच. मी आठवून पाहिलं. आजार बळावतो. संशय बळावतो. खोकला, दम्याचा विकार, गैरसमज. आपल्याकडे ‘आवणे’ लावून कितीतरी क्रियापदं होतात, इंग्रजीच्या त्या ‘एन’सारखीच. मंदचं मंदावणे, थंडचं थंडावणे, सैलचं सैलावणे, रोडचं रोडावणे. बळाचं बळावणे करून आपण ते वाईट गोष्टींना देऊन टाकलं, आणि चांगलं माणूस बरं व्हायला लागलं की त्याला द्यायला एका शब्दात काही ठेवलं नाही. बाळसं धरतं ते मूल. उभारी धरते ती पालवी. त्र्याऐंशी वर्षांच्या पायांनी काय धरायचं?

‘मग काय म्हणू?’

‘काही म्हणू नको. कागद भिंतीला लाव.’

मथळ्याची पट्टी कापून टाकली आणि उरलेला कागद कॅलेंडरच्या खाली चिकटवला. त्या मुलाच्या वहीत मी बरोबरची खूण केली, शेजारी वीकेंडचं स्पेलिंग लिहून दिलं आणि खाली विचारलं, आजोबा रविवारी नेमकं काय करतात? त्याने पुढच्या आठवड्यात मराठीत उत्तर लिहिलं: गल्ला मोजतात आणि कमी भरला की मला ओरडतात.

आता रोज संध्याकाळी, वाडीला पाणी सोडून झालं की, अण्णा खुर्ची ओटीवर आणायला लावतात. समोर निसर्गनंतरच्या पोफळी दिसतात, कधीच डोक्याच्या वर गेलेल्या. हात छातीशी घडी करून ते उठतात, बसतात. आकडा मी मोजायचा, त्यांनी नाही. बोललं की दम लागतो. पहिल्या दिवशी तीन झाले होते. काल सातवर मी म्हटलं, पुरे. त्यांनी मान हलवली, वाट पाहिली, उठले.

‘आठ,’ मी म्हटलं.

बसले. परत पुढे झुकले, मांड्या थरथरल्या, पुन्हा खुर्चीत टेकले.

‘नववं उठवत नाही,’ म्हणाले. ‘आठ लिही.’